जादूच्या शाळेतली राखी

मागच्या दिवाळीच्या आधी एका रविवारी ताईने मला व्हॉट्सअ‍ॅपवर अकरा फोटो पाठवले. खाली एकच ओळ होती : "हे बघ आणि लगेच फोन कर."

फोटो एका दोनशे पानी वहीचे होते. वही माझ्या भाचीची. ती साताऱ्याला आठवीत शिकते. वहीच्या पुढच्या बाजूने भूगोल आणि मागच्या बाजूने काळ्या जेल पेनाने काढलेलं एक कॉमिक. अजिंक्यताऱ्याच्या पोटात एक शाळा आहे. तिथे वारा बांधून ठेवणारी मुलं आहेत, पावसाला हाका मारणाऱ्या मुली आहेत, आणि गणिताचे सर मेलेले असूनही तास घेतात. नायिकेला सावल्या उचलता येतात. आणि एक मुलगा आहे, तो विझलेले दिवे नुसतं बघून पेटवतो. पहिल्याच फोटोत ते दोघं बुरुजावर बसले होते, हातात हात. शेजारी बोलण्याचा फुगा काढलेला, पण आत काही लिहिलेलं नाही.

पुढचे फोटो बघताना कळलं की तो पहिला फोटो म्हणजे गोष्टीतलं शेवटचं पान होतं. भाचीने कॉमिक जपानी पद्धतीने, उजवीकडून डावीकडे काढलं होतं. ताईने पानं आपल्या सवयीने डावीकडून उलटली. त्यामुळे तिने आधी हात पाहिले आणि त्या दोघांची ओळख कशी झाली ते सगळ्यात शेवटी.

"आठवीत आहे गं ती," ताई फोनवर म्हणाली. "हे असलं कुठून येतं डोक्यात? तूच तिला ती जपानी पुस्तकं दाखवलीस ना?"

दाखवली होती. नाकारण्यात अर्थ नव्हता.

"मग तूच बोल तिच्याशी. माझं काही ऐकत नाही."

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. आमच्याकडे कोडमध्ये एखादी विचित्र ओळ दिसली की ती लगेच खोडायची नसते. गिट ब्लेम नावाची एक कमांड असते, ती चालवायची. ती ओळ कुणी आणि कधी लिहिली ते दिसतं, आणि नशीब चांगलं असेल तर कशासाठी तेही. पुष्कळदा असं निघतं की ज्याला आपण चूक समजत होतो ते कुणीतरी फार विचार करून तिथे ठेवलं होतं. साताऱ्याला जायच्या आधी मी दोन आठवडे रात्री बसून तेच केलं. जादूची शाळा, तिच्यात प्रेम, आणि ते सगळं चित्रांच्या चौकटींत. ही ओळ मुळात लिहिली कुणी?

*

अमेरिकेपासून सुरुवात करू, कारण तिथे ही ओळ खोडली गेली त्याची तारीखवार नोंद आहे.

१९४७ साली जो सायमन आणि जॅक कर्बी यांनी 'यंग रोमान्स' नावाचं कॉमिक काढलं. १९४१ मध्ये कॅप्टन अमेरिका जन्माला घालणारे हेच दोघं. युद्ध संपलं होतं, सुपरहीरोंचा खप उतरला होता, आणि प्रेमकथांची मासिकं वाचणाऱ्या मुलींसाठी कॉमिक कुणी काढलेलं नव्हतं. 'यंग रोमान्स'मधल्या गोष्टी मुलीच्या तोंडून, कबुलीजबाबासारख्या सांगितलेल्या असायच्या. लिहिणारे बहुतेक पुरुषच. तरीही ते इतकं खपलं की दोन-तीन वर्षांत शंभराहून जास्त प्रेम-कॉमिकं बाजारात आली. आज कॉमिक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मुलगे येतात. तेव्हा अमेरिकेत मुली आणि तरुण बायका ती ढिगाने विकत घेत होत्या.

त्याच वेळी भुताखेतांची आणि खुनांची कॉमिकंही जोरात होती, आणि मोठी माणसं घाबरायला लागली होती. १९४८ च्या डिसेंबरात न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन गावात शाळकरी मुलांकडून कॉमिकं गोळा करवून शाळेजवळ त्यांची होळी केली गेली. युद्ध संपून जेमतेम तीन वर्षं झाली होती. जर्मनीत पुस्तकं जाळली त्याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले होते, तरीही.

या भीतीला शास्त्राचा आधार दिला तो फ्रेडरिक वर्थॅम या मानसोपचारतज्ज्ञाने. १९५४ मध्ये त्याचं 'सिडक्शन ऑफ द इनोसंट' आलं. कॉमिकं मुलांना बिघडवतात, असं त्यात त्याच्या दवाखान्यातल्या मुलांचे दाखले देऊन मांडलं होतं. वर्थॅमला खलनायक करून टाकणं सोपं आहे आणि कॉमिकवाल्यांनी ते वर्षानुवर्षं केलं. पण या माणसाने १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात, एका चर्चच्या तळघरात, काळ्या वस्तीसाठी पंचवीस सेंटमध्ये मानसोपचार देणारा दवाखाना काढला होता. काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळांमुळे मुलांच्या मनावर काय होतं याबद्दल त्याने कोर्टात साक्ष दिली होती. मुलांची त्याला खरंच काळजी होती. फक्त त्या काळजीपोटी त्याने पुराव्यांत फेरफार केले. २०१० मध्ये त्याची कागदपत्रं अभ्यासकांसाठी खुली झाली. कॅरल टिली या संशोधक बाईंनी ती तपासली आणि २०१२ मध्ये दाखवून दिलं की त्याने मुलांची वयं बदलली होती, दोन-तीन मुलांची वाक्यं एकाच्या तोंडी घातली होती, गैरसोयीचं ते गाळलं होतं.

हे वाचताना मला ताई आठवत होती. काळजी खरी, पण पानं उलट्या बाजूने वाचलेली.

१९५४ च्या एप्रिल आणि जूनमध्ये अमेरिकन सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या. सरकार कायदा करील या धास्तीने प्रकाशकांनी स्वतःच संघटना काढली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नियमावली मंजूर केली. कॉमिक्स कोड. पास झालेल्या अंकाच्या मुखपृष्ठावर पोस्टाच्या तिकिटासारखा एक शिक्का यायचा. तो नसेल तर वितरक अंक उचलायचे नाहीत. कायदा नव्हता, पण शिक्क्याशिवाय दुकानापर्यंत पोचणं जवळपास अशक्य होतं.

कोडमध्ये काय होतं? व्हँपायर बंद. लांडगा होणारी माणसं बंद. मेलेल्यांनी उठून चालायचं नाही. म्हणजे भाचीचे गणिताचे सर गेलेच. प्रेमकथांनी घराचं मोल आणि लग्नाचं पावित्र्य ठसवलं पाहिजे. आईवडिलांबद्दलचा आदर वाढीला लागला पाहिजे. प्रेमाची भावना खालच्या पातळीच्या वासना चाळवेल अशी दाखवायची नाही. 'यंग रोमान्स' १९७५ पर्यंत निघत राहिलं, पण आता प्रत्येक गोष्टीत मुलगी हट्ट करायची, चुकायची, रडायची आणि शहाणी होऊन योग्य मुलाकडे परत यायची. मी असे काही अंक वाचले. तिसऱ्या पानावर शेवट कळतो.

या संघटनेचे पहिले अध्यक्ष होते जॉन गोल्डवॉटर, म्हणजे आर्चीचे प्रकाशक. आर्ची कॉमिक्स आपल्यापैकी पुष्कळांनी स्टेशनवरच्या स्टॉलवरून किंवा भाड्याने पुस्तकं देणाऱ्या लायब्ररीतून आणून वाचलेत. बेटी की व्हेरॉनिका? ऐंशी वर्षं झाली, अजून ठरत नाही. कोडच्या काळात प्रेम दाखवायचा सगळ्यात सुरक्षित मार्ग हाच होता : ते कधीच पुढे सरकू द्यायचं नाही.

आणि त्याच आर्चीच्या घरात १९६२ मध्ये सबरीना आली. हायस्कूलमध्ये जाणारी चेटकी. शाळा, जादू आणि वयात येणारी मुलगी, तिन्ही गोष्टी एकत्र! वाटलं, सापडली आपली ओळ. मग तिची पहिली गोष्ट पाहिली. चेटक्यांचे नियम ती स्वतःच वाचकांना सांगते, आणि त्यातला एक असा की चेटकीने प्रेमात पडायचं नाही. पडली तर तिची जादू जाते. एक काहीतरी ठेव, दुसरं सोड.

*

आता जपान. इथे थोडं मागे जावं लागेल, कारण तिथे आधी शाळा आली, मग प्रेम, आणि जादू सगळ्यात शेवटी.

१८९९ मध्ये जपानने हुकूम काढून प्रत्येक प्रांतात मुलींची माध्यमिक शाळा सक्तीची केली. हेतू काही क्रांतिकारक नव्हता; चांगली पत्नी आणि शहाणी आई घडवायची होती. पण परिणाम असा झाला की पहिल्यांदाच बारा ते सतरा वयाच्या मुली घराबाहेर, एकमेकींच्या सोबतीने, रोज कित्येक तास राहू लागल्या. बालपण आणि लग्न यांच्यामध्ये चारपाच वर्षांची एक फट तयार झाली. त्या फटीत राहणाऱ्या मुलीला जपानी भाषेत शब्द मिळाला : शोजो. तिच्यासाठी मासिकं निघाली आणि त्या मासिकांना लेखिका लागल्या.

त्यातली सगळ्यात गाजलेली नोबुको योशिया. १९१६ मध्ये, वीस वर्षांची असताना, तिने 'हाना मोनोगातारी', म्हणजे फुलांच्या गोष्टी, ही मालिका सुरू केली. मुलींची शाळा, वसतिगृह, मावळतीची वेळ, आणि एका मुलीचं दुसरीवर जडलेलं जीव तुटेल असं प्रेम. मोठ्यांनी ते चालवून घेतलं. ते एक वय असतं, लग्न झालं की जातं, अशी समजूत होती. योशियाचं गेलं नाही. तिने जवळजवळ पन्नास वर्षं चियो मोनमा या बाईबरोबर संसार केला. लग्न करता येत नव्हतं, म्हणून १९५७ मध्ये तिने चियोला कायद्याने दत्तक घेतलं. कागदोपत्री मुलगी. हे वाक्य मी दोनदा वाचलं होतं, दुसऱ्यांदा जरा हळू.

आता पुन्हा १९५४ कडे या. अमेरिकेत कोड मंजूर झाल्यावर दोन महिन्यांच्या आत तोक्योमध्ये 'नाकायोशी' हे मुलींचं मासिक निघालं. पुढच्या वर्षी 'रिबोन'. दोन्ही आजही चालू आहेत. तोपर्यंत ओसामु तेझुकाने 'रिबोन नो किशी' सुरू केलेलं होतं. १९५३ मध्ये. त्यातली राजकन्या सफायर जन्माला येताना मुलीचं आणि मुलाचं अशी दोन काळजं घेऊन येते. तेझुका ताकाराझुका गावात वाढला, जिथे सगळ्या भूमिका बायकाच करतात अशी प्रसिद्ध नाटक कंपनी आहे. आपल्या बालगंधर्वांच्या बरोबर उलट म्हणा.

जपानातही मुलं बिघडतात म्हणून ओरड झाली, पन्नाशीच्या दशकात तिथेही कॉमिकांविरुद्ध मोहीम निघाली. पण प्रत्येक अंकावर शिक्का मारणारी अशी एक संस्था उभी राहिली नाही. त्यामुळे 'रिबोन'मध्ये १९६२ साली जादूच्या आरशाने हवं ते रूप घेणारी अक्को आली आणि १९६६ साली जादूच्या राज्यातून माणसांत राहायला आलेली सॅली. गंमत म्हणजे सॅलीचं मूळ अमेरिकन आहे. 'बिविच्ड' या टीव्ही मालिकेतल्या चेटकी गृहिणीवरून मित्सुतेरु योकोयामाला ती सुचली. अमेरिकेतली चेटकी लग्न करून स्वयंपाकघरात होती. जपानने तिचं वय उतरवून तिला मुलांमध्ये खेळायला पाठवलं.

पण तेझुका, योकोयामा, अक्कोचा निर्माता आकात्सुका हे सगळे पुरुष. मुलींना काय आवडत असेल याचा अंदाज करून काढणारे. सायमन-कर्बीसारखेच.

हे बदललं ते १९७० च्या आसपास. १९४९ च्या मागेपुढे जन्मलेल्या मुलींची एक पिढी, जी 'नाकायोशी' आणि 'रिबोन' वाचत मोठी झाली होती, तिने स्वतः पेन हातात घेतलं. १९४९ म्हणजे जपानी गणनेत शोवा २४, म्हणून यांना चोवीस सालचा गट म्हणतात. मोतो हागिओची पहिली गोष्ट १९६९ मध्ये छापून आली तेव्हा ती वीस वर्षांची होती. तिच्या आईवडिलांना मांगा काढणं पसंत नव्हतं. ती नावाजल्यावरही पुढे कित्येक वर्षं नव्हतं. तोक्योच्या ओइझुमी भागात ती आणि केइको ताकेमिया एका भाड्याच्या जुन्या घरात राहायच्या. १९७० ते १९७३. इतर चित्रकार मुली येऊन मुक्काम करायच्या, एकमेकींची पानं पुरी करायला मदत करायच्या. समोरच्या घरात राहणारी नोरिए मासुयामा त्यांना हेर्मान हेसेच्या कादंबऱ्या वाचायला द्यायची, युरोपियन सिनेमे दाखवायची. माझ्या हॉस्टेलच्या खोलीत असं काही झालं असतं तर आम्ही चौघी आज वेगळ्याच कुठेतरी असतो. आम्ही मॅगी करायचो.

त्या घरातून हागिओचं 'हार्ट ऑफ थॉमस' आलं, १९७४ मध्ये. जर्मनीतली मुलांची निवासी शाळा. थॉमस नावाचा मुलगा पहिल्या काही पानांतच जीव देतो आणि ज्याच्यावर त्याचं प्रेम होतं त्याला एक चिठ्ठी मागे ठेवतो. मग हुबेहूब थॉमससारखा दिसणारा नवा मुलगा शाळेत येतो. पहिला भाग छापून आला तेव्हा वाचकांच्या मतांत ही गोष्ट तळाला गेली. संपादक बंद करायच्या बेतात होते. तेवढ्यात हागिओच्या आधीच्या 'पो क्लॅन'चं पुस्तक झपाट्याने विकलं गेलं आणि तिला मुदत मिळाली. 'पो क्लॅन'चा विषय? कायम चौदा वर्षांचा राहणारा व्हँपायर मुलगा. अमेरिकेतल्या कोडने तो तीन वर्षांपूर्वीपर्यंत दारातच अडवला असता. व्हँपायरांवरची बंदी तिथे १९७१ मध्ये उठली.

तर मुलींच्या मासिकात, मुलींनी मुलींसाठी काढलेल्या गोष्टीत, मुलगे आणि जर्मनी कशाला? हागिओने सांगितलंय की मुलींची शाळा घेऊन तीच गोष्ट काढायचा प्रयत्न केला तेव्हा ती गुदमरल्यासारखी झाली. माझ्या मते इथेच सगळी मेख आहे. स्वतःच्या गल्लीतली मुलगी काढली की तिच्यामागे तिची आई, शेजारीण, अब्रू, लग्न हे सगळं चित्रात येऊन बसतं. दूरचा देश घेतला, दुसरं शरीर घेतलं, की हात मोकळा होतो. जादूचंही तेच काम आहे. नुसत्या साताऱ्याच्या शाळेत आठवीतल्या मुलीने मुलाचा हात धरला तर ते प्रकरण होतं. अजिंक्यताऱ्याच्या पोटातल्या शाळेत धरला तर ती गोष्ट होते. निदान व्हावी.

*

यानंतरचा रस्ता तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल, म्हणून भरभर जाते. १९९१ च्या डिसेंबर अखेरीस 'नाकायोशी'मध्ये 'सेलर मून' सुरू झालं. नाओको ताकेउचीचं, जिने औषधशास्त्राची पदवी घेऊन काही काळ इस्पितळात कामही केलं होतं. (फार्मसी करून कॉमिक काढणारी आहे म्हटल्यावर इंजिनियर मुलीला बरं वाटतं.) नायिका उसागी चौदा वर्षांची, शाळेत रोज उशिरा पोचणारी, परीक्षेत नापास, रडकी. सबरीनाचा नियम इथे उलटा आहे. उसागी प्रेमात पडली म्हणून तिची शक्ती जात नाही, तिथूनच येते.

त्याच गोष्टीत हारुका आणि मिचिरु या दोन मुली एकमेकींवर प्रेम करतात. ॲनिमे इंग्रजीत जाऊन २००० मध्ये अमेरिकेत दाखवलं गेलं तेव्हा त्यांना कझिन करून टाकलं. चित्रं तीच. तशाच एकमेकींकडे बघतात, तशाच हात धरतात, फक्त संवादात सांगायचं की या कझिन आहेत. इंग्रजीत ते खपूनही गेलं. मराठीत केलं असतं तर बिचाऱ्या अनुवादकाला आधी ठरवावं लागलं असतं : चुलत, मावस, आते की मामे?

'कार्डकॅप्टर साकुरा'चं याहून वाईट झालं. क्लॅम्प या चार बायकांच्या गटाची ही गोष्ट, १९९६ ते २०००, पुन्हा 'नाकायोशी'मध्येच. चौथीतली साकुरा जादूची पत्तं गोळा करते आणि तिच्या आसपास जवळजवळ प्रत्येकजण कुणाच्या तरी प्रेमात असतो. अमेरिकन वाहिनीने २००० मध्ये मालिका दाखवायला घेतली ती थेट आठव्या भागापासून, कारण तिथे शाओरान हा मुलगा येतो. मुलग्यांना बघावंसं वाटलं पाहिजे ना! नावातून साकुरा काढली, नुसतं 'कार्डकॅप्टर्स' ठेवलं. प्रेमाचे धागे कापले. सत्तरपैकी एकोणचाळीस भाग तिथे दाखवले.

पण पुस्तकांना अशी कात्री लागली नाही. २००२ मध्ये टोकियोपॉप या प्रकाशकाने मांगा मूळ जपानी दिशेनेच, उजवीकडून डावीकडे छापायला सुरुवात केली. पानं उलटी फिरवून छापायचा खर्च वाचला आणि ती खरीखुरी जपानी आहेत अशी जाहिरातही झाली. दहा डॉलरच्या आतबाहेर किंमत. मुख्य म्हणजे ही पुस्तकं कॉमिकच्या दुकानात न जाता मोठ्या पुस्तकांच्या दुकानांत गेली. कॉमिकच्या दुकानात मुली पाऊल टाकत नव्हत्या. इथे त्या शेल्फच्या मधल्या जमिनीवर मांडी घालून बसल्या आणि वाचायला लागल्या. १९५४ नंतर बाहेर पडलेला वाचक अर्ध्या शतकाने परत आला, तोही दुसऱ्या देशाचं कॉमिक वाचायला.

त्या शेल्फवरच 'गाकुएन अ‍ॅलिस' होतं. माझं पुस्तक. ताचिबाना हिगुचीची मालिका, २००२ ते २०१३, एकतीस खंड. आजोबांनी वाढवलेली दहा वर्षांची मिकान आपल्या मैत्रिणीमागोमाग गावातून पळून तोक्योच्या अ‍ॅलिस अकादमीत येते. तिथे प्रत्येक मुलाला कुठलीतरी शक्ती आहे. सुरुवातीला वाटतं, काय मजेची शाळा. हळूहळू कळतं की इथून बाहेर जाता येत नाही, घरी लिहिलेली पत्रं पोचत नाहीत, आणि घातक शक्ती असलेल्या मुलांना शाळा आपल्या कामांसाठी बाहेर पाठवते. नात्सुमे हा आग पेटवणारा मुलगा आहे. जितकी शक्ती वापरेल तितकं त्याचं आयुष्य कमी होतं. मिकानची शक्ती कुठली? दुसऱ्याची शक्ती रद्द करणं. सुरुवातीला तरी बस, एवढंच. त्यांची प्रेमकथा त्यातूनच निघते. शाळेला हवी असलेली आग ती थांबवू शकते.

मी हे इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, हॉस्टेलच्या वरच्या बंकवर, चार इंची फोनवर वाचलं. चाहत्यांनी स्कॅन करून भाषांतरित केलेली पानं. बेकायदा, हो. पण टोकियोपॉपने २०११ मध्ये अमेरिकेतला धंदा गुंडाळला आणि इंग्रजी आवृत्ती निम्म्यावरच अडकली. दुसरा मार्ग नव्हता. आमच्या हॉस्टेलला मुलींसाठी रात्री साडेआठची वेळ होती आणि मुलग्यांच्या हॉस्टेलला नव्हती. एकदा एका मुलीला एका मुलाबरोबर कँटीनमध्ये बसल्याबद्दल घरून वडील बोलावून आणायला लावलं. ती आठवडाभर कुणाशी बोलली नाही. त्या आठवड्यात मी अकादमीतून न पोचणाऱ्या पत्रांचा भाग वाचत होते. याहून जास्त काही सांगायला नको.

२०११ हेच साल कॉमिक्स कोडचंही शेवटचं. मार्व्हल आधीच बाहेर पडलं होतं, जानेवारीत डीसीने आणि पाठोपाठ आर्चीने शिक्का सोडला. कुणी फारसं बघितलंही नाही.

इंग्रजी पुस्तकांतल्या जादूच्या शाळा राहिल्या. त्या सगळ्यांना ठाऊक असतात म्हणून एकच सांगते. हॅरी पॉटरच्या तेवीस वर्षं आधी, १९७४ मध्ये, जिल मर्फीचं 'द वर्स्ट विच' आलं. ती ते पंधराव्या वर्षी लिहायला लागली होती. प्रकाशक नाही म्हणत होते, मुलं घाबरतील म्हणून.

आणि टिली वॉल्डन. तिने वयाच्या विसाव्या वर्षी 'ऑन अ सनबीम' इंटरनेटवर फुकट टाकायला सुरुवात केली. २०१८ मध्ये त्याचं पाचशेहून जास्त पानांचं पुस्तक झालं. माशाच्या आकाराची अंतराळयानं, अवकाशात तरंगणारी निवासी शाळा, आणि मिया नि ग्रेस या दोन मुली. त्या विश्वात पुरुष नाहीतच, आणि का नाहीत याचं स्पष्टीकरण देण्याची तिला गरजही वाटलेली नाही. मी भाचीला दाखवलेलं दुसरं पुस्तक हे.

योशिया वीस, हागिओ वीस, वॉल्डन वीस, मर्फी पंधरा. गिट ब्लेमच्या डाव्या रकान्यात हीच वयं दिसत राहिली. ज्यांनी ही ओळ लिहिली त्या स्वतः नुकत्याच त्या शाळेतून बाहेर पडल्या होत्या, किंवा पडायच्याच होत्या.

*

साताऱ्याला गेले तेव्हा मी आधी ताईशी बोलले. तिला 'शाळा' सिनेमाची आठवण करून दिली. तो आम्ही दोघींनी एकत्र पाहिला होता आणि शेवटी ती रडली होती. बोकिलांची कादंबरीही तिनेच मला वाचायला दिली होती. त्यातली पोरं नववीतली होती, म्हटलं.

"ते वेगळं गं," ताई म्हणाली.

"कसं?"

तिने पोळी लाटता लाटता विचार केला. "ते मोठ्या माणसाने लिहिलंय. मागे वळून."

उत्तर प्रामाणिक होतं. मला त्याच्यावर पटकन काही सुचलं नाही. मोठ्यांना शाळेतलं प्रेम आठवण म्हणून चालतं, त्यावर आपण सिनेमे काढतो, गाणी करतो. चालू वर्तमानकाळात, जेल पेनाने, भूगोलाच्या वहीत ते दिसलं की छातीत धस्स होतं. ताईला नुसतं ओरडायचं नव्हतं. तिला त्या कँटीनमध्ये बसलेल्या मुलीचं काय झालं ते माहीत होतं. मीच सांगितलं होतं.

"तिला सांगितलंय मी, बदल म्हणून," ती म्हणाली. "बदललंय तिने. छान केलंय आता."

भाची गच्चीवर होती. मी शेजारी जाऊन बसले. तिने न विचारताच वही पुढे केली. बुरुजावरचं पान काढलं. ते दोघं तिथेच होते, हात तसेच एकमेकांत. फक्त दिवे पेटवणाऱ्या त्या मुलाच्या मनगटावर आता एक राखी होती. मोठी, फुलाची, मणी लावलेली. आणि रिकाम्या फुग्यात लिहिलं होतं : "दादा".

"आईला आवडलं," ती म्हणाली.

मी तिला कझिन झालेल्या हारुका-मिचिरुची गोष्ट सांगितली. ती इतकी हसली की पाण्याच्या टाकीवरची कबुतरं उडाली. मग योशियाची सांगितली, दत्तक घेण्याची. त्यावर ती हसली नाही. "मग नंतर?" तिने विचारलं. मी म्हटलं, शेवटपर्यंत एकत्र राहिल्या.

तिने वही जरा माझ्याकडे कलती केली, उन्हात. मग मला दिसलं. सगळं पान काळ्या जेल पेनाने काढलेलं होतं. गड, बुरूज, केस, बोटं, सगळं. राखी आणि फुग्यातला तो शब्द तेवढा पेन्सिलीने.

"अ‍ॅलिसमध्ये मिकान बाहेर पडते का गं शेवटी, मावशी?"

"सांगू?"

"नको. मी अठराव्यावर आहे."

जिन्यावर ताईच्या चपलांचा आवाज आला. भाचीने शांतपणे वही मिटली, पालथी केली, पहिल्या बाजूने उघडली आणि ब्राझीलच्या नकाशाला रंग द्यायला घेतला.